ठराव न करता दिलेलं दान

आमच्या तालुक्याच्या गावात एक व्यसनमुक्ती संस्था आहे. तिची वेबसाइट आठ वर्षांपूर्वी मी तयार करून दिली. संगणकाचं शिक्षण मी कुठल्या कॉलेजात घेतलेलं नाही. पुस्तकं वाचून आणि चुका करून जे आलं तेवढंच. संस्थेकडून पैसे घेतले नव्हते, त्यामुळे आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं बरीच वर्षं वाटत राहिलं. पानं मोजकी होती. संस्थेची माहिती, वार्षिक अहवाल, देणगीसाठी बँक खात्याचा तपशील आणि ‘घरात कुणाला दारूचं व्यसन असेल तर’ या मथळ्याचं एक पान. त्या पानाच्या तळाशी एक फॉर्म होता : नाव, गाव, फोन नंबर, रुग्णाशी नातं.

‘वेबसाइट किती लोकांनी पाहिली?’ हा प्रश्न कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत येई. म्हणून मी दोन फुकट साधनं तिला जोडून दिली. एक भेटी मोजणारं आणि दुसरं फेसबुकवरच्या जाहिरातींना उपयोगी पडणारं. दोन्ही जोडायला पाऊण तास लागला असेल. पुढच्या बैठकीत आकडे सादर झाले, सचिवांनी कौतुक केलं, चहा झाला.

दोन वर्षांपूर्वी वेगळ्याच एका विषयासाठी मी वेबसाइटांची आतली बाजू तपासायला शिकत होतो. कुठल्याही ब्राउझरमध्ये एक तपासणीचा कप्पा असतो. तो उघडा ठेवून एखादं पान उघडलं, की त्या पानावरून कुठेकुठे निरोप जातात ते ओळीने दिसतं. सराव म्हणून मी आपलीच वेबसाइट घेतली आणि तेच पान उघडलं. निरोप गेले. त्यांतले काही संस्थेच्या सर्व्हरकडे गेले, ते जायलाच हवेत. बाकीचे दोन परदेशी कंपन्यांकडे गेले. त्या निरोपांमध्ये पानाचा पूर्ण पत्ता होता आणि पत्त्यात ‘दारू’, ‘व्यसन’, ‘मदत’ हे शब्द मीच वाचायला सोपे जावेत म्हणून घातले होते.

घरात सगळे झोपल्यावर नवऱ्याचा मोबाइल घेऊन ते पान उघडणारी एखादी बाई मला दिसू लागली. फॉर्म भरायचा की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही. बहुतेक ती भरणारही नाही. संस्थेला तिचा पत्ताच लागणार नाही. पण ती आली होती, काय वाचत होती, किती वेळ थांबली, हे जाहिराती विकणाऱ्या कंपनीला कळून चुकलेलं असेल. याची व्यवस्था मी करून ठेवली होती.

मी ही गोष्ट विश्वस्त मंडळापुढे मांडली. तांत्रिक भाग बहुतेकांना समजला नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे बाहेर द्यायचं, याचा ठराव कधी झाला होता?”

ठराव झालेला नव्हता. या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

प्रश्न साधा असला तरी त्यामागे मोठी परंपरा आहे. आपल्या राज्यातल्या धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चालतात. या कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, बदली द्यायची किंवा बक्षीस द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तरी लागते. अर्धा गुंठा असला तरी सुटका नाही. यामागची कल्पना अशी, की विश्वस्त मालक नसतात. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेलं ते सांभाळतात. मग ज्या माणसाने आपल्या घरातलं दुखणं संस्थेच्या दाराशी आणून ठेवलं, त्याची ती गोष्ट कुणाची मालमत्ता? ती बाहेर जाताना आमच्याकडे कुणाची सही लागली नाही. पाऊण तास आणि माझी अर्धवट माहिती, एवढं पुरलं.

आता हे घडतं कसं ते सांगायला हवं, कारण इथे बराच गैरसमज आहे. ‘मी काही भरलंच नाही, मग माझी माहिती कशी जाईल?’ असं पुष्कळ जण विचारतात. वेबसाइट पाहणं हे टीव्ही पाहण्यासारखं नाही. ते पत्र पाठवून उत्तर मागवण्यासारखं आहे. तुमचा ब्राउझर संस्थेच्या सर्व्हरला लिहितो, की अमुक पान मला या पत्त्यावर पाठव. तो पत्ता म्हणजे आयपी पत्ता. तो दिल्याशिवाय उत्तर येणार कुठे? सर्व्हर या पत्रांची आवक-नोंद ठेवतो : वेळ, पत्ता, मागितलेलं पान, ब्राउझरचा प्रकार. एवढी नोंद जवळपास प्रत्येक सर्व्हरवर होते आणि चोरी-हल्ल्याचा शोध घ्यायला ती उपयोगीही पडते. तिच्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की ती किती दिवस ठेवायची.

कुकी म्हणजे तुमच्याच फोनमध्ये ठेवलेली चिठ्ठी. पुढच्या वेळी तुम्ही आलात, की ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि वेबसाइट तुम्हाला ओळखते. संस्थेने स्वतःसाठी ठेवलेली चिठ्ठी निरुपद्रवी असू शकते, उदाहरणार्थ तुम्ही मराठी निवडली की इंग्रजी हे लक्षात ठेवण्यापुरती.

खरी गोष्ट तिसऱ्याची आहे. पानावर संस्थेच्या मालकीची नसलेली एखादी वस्तू असते : नकाशा, व्हिडिओ, अक्षरांचा टाइप, भेटी मोजणारं यंत्र किंवा ज्याला पिक्सेल म्हणतात तो जाहिरात कंपनीचा तुकडा. पूर्वी हा खरोखरच एका ठिपक्याएवढा, डोळ्यांना न दिसणारा फोटो असे. आज ती काही ओळींची आज्ञावली असते. ती वस्तू आणण्यासाठी तुमचा ब्राउझर त्या तिसऱ्या कंपनीला वेगळं पत्र लिहितो. त्या पत्राबरोबर तुमचा पत्ता जातो आणि त्या कंपनीने पूर्वी तुमच्या फोनमध्ये चिठ्ठी ठेवलेली असेल तर तीही जाऊ शकते. आज्ञावली तुम्ही कोणत्या पानावर आहात, कोणतं बटण दाबलंत, हे कळवते. त्याच ब्राउझरमध्ये तुमचं त्या कंपनीचं खातं उघडं असेल, तर कंपनीला नाव जुळवायला फार कष्ट पडत नाहीत.

देवळाबाहेर चपला सांभाळायला माणूस बसतो. समजा, तो फुकट बसला आहे, कारण त्याला चपलांच्या एका मोठ्या दुकानाने पाठवलं आहे. कोण कुठल्या मापाची चप्पल घालतो, कुणाची झिजली आहे, कोण कुठल्या वारी येतो, हे तो लिहून घेतो. देवस्थान म्हणतं, आम्ही काही लिहीत नाही. ते खरंही असतं. आमच्या संस्थेची स्थिती हीच होती.

संस्था ही साधनं का लावतात, याचं उत्तर दुष्टपणात सापडत नाही. देणगीदार मिळवायला जाहिरात लागते आणि जाहिरातीतून कोण आलं हे कळल्याशिवाय पुढची जाहिरात कुठे द्यायची ते समजत नाही. गूगल ही कंपनी पात्र धर्मादाय संस्थांना महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती फुकट देते. भारतातल्या संस्थांनाही ही योजना खुली आहे. तिच्या अटींमध्ये एक अट अशी, की जाहिरातीवरून आलेल्या माणसाने पुढे काय केलं याची मोजणी संस्थेने चालू ठेवली पाहिजे. ज्या छोट्या संस्थेकडे टपालाला पैसे नाहीत, तिला ही अट जड वाटत नाही. तशी ती दिसतही नाही.

या सगळ्याचा सर्वांत शिकण्यासारखा इतिहास ब्रिटनमध्ये घडला आहे, म्हणून तिकडे जरा वळतो. तिथे धर्मादाय संस्था लाखो लोकांकडून लहान-लहान देणग्या गोळा करतात आणि त्यासाठी देणगीदारांच्या याद्या ही त्यांची मोठी पुंजी असते. २०१५ च्या मे महिन्यात ब्रिस्टॉल शहरातल्या ९२ वर्षांच्या एका आजींचा मृत्यू झाला. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदी पॉपी फुलं विकून निधी गोळा करण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. संस्थांकडून येणाऱ्या मागणीपत्रांचा ढीग त्यांच्या घरात साठला होता, हे वर्तमानपत्रांतून लोकांसमोर आलं. कुटुंबीयांनी स्पष्ट सांगितलं, की मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत. तरी चौकशी झाली, आणि निघालं ते असं : ९९ संस्थांकडे त्यांचा पत्ता होता; २०१४ या एका वर्षात त्यांना सुमारे ४६६ पत्रं गेली असावीत; आणि यांतल्या बहुसंख्य संस्थांना तो पत्ता आजींनी दिलेलाच नव्हता, तो दुसरीकडून मिळाला होता.

एका माणसाने एका संस्थेला दिलेली माहिती शंभर संस्थांकडे जाते, तेव्हा वाटेत कुणालाच आपण चुकतो आहोत असं वाटत नसतं. प्रत्येकाचं काम चांगलंच असतं. कुणी मांजरं वाचवतो, कुणी कर्करोगाच्या संशोधनाला पैसे देतो. मला हे प्रकरण वाचताना सारखी आमची कार्यकारिणी आठवत होती.

पुढे माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने संस्थांची तपासणी केली. डिसेंबर २०१६ मध्ये प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आरएसपीसीए या जुन्या संस्थेला २५ हजार पौंड आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८ हजार पौंड दंड झाला. एप्रिल २०१७ मध्ये आणखी अकरा संस्थांना दंड झाला. आरोप तीन प्रकारचे होते. देणगीदारांच्या याद्या आपसांत अदलाबदल करणं. देणगीदाराने न दिलेला फोन नंबर किंवा पत्ता बाजारातून शोधून यादीत भरणं. आणि तिसरा, जो मला सर्वांत विचित्र वाटला : बाहेरच्या कंपन्यांना यादी देऊन कोण किती श्रीमंत आहे, कोण मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवून जाण्याचा संभव आहे, हे काढून घेणं. दहा पौंड देणाऱ्याला कल्पनाही नसते, की त्याच्या घराची किंमत कुणीतरी पाहून ठेवली आहे. आयुक्त एलिझाबेथ डेनम यांनी दंडाच्या रकमा मुद्दाम बऱ्याच कमी ठेवल्या. कारण उघड आहे. दंड भरला जाणार तो देणगीदारांच्याच पैशातून, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच खिशातून. धर्मादाय संस्थेला शिक्षा करणं किती अवघड असतं ते इथे दिसतं.

एका संस्थेने मात्र उलट वाट धरली. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या आरएनएलआय या संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं, की ज्यांनी स्वतःहून होकार दिला आहे त्यांनाच यापुढे आम्ही पत्र लिहू. यात मोठा तोटा होईल, असा त्यांचा स्वतःचाच अंदाज होता. प्रत्यक्षात अपेक्षेहून जास्त लोकांनी होकार कळवला. हे उदाहरण मी बैठकीत दिलं तेव्हा आमचे सचिव म्हणाले, “त्यांच्याकडे बोटी आहेत, आपल्याकडे काय आहे?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि वारा एकाच दिशेने वाहत नाही हेही नोंदवायला हवं. २०२५ मध्ये ब्रिटनने नवा कायदा करून संस्थांना आपल्या समर्थकांना आधी होकार न घेता ईमेल पाठवायची सवलत दिली. नको म्हणण्याची सोय तेवढी ठेवायची.

इथपर्यंत गोष्ट देणगीदाराची झाली. देणगीदाराला त्रास होतो तो बहुधा पत्रांचा आणि फोनचा. मदत मागायला आलेल्याचं नुकसान वेगळ्या जातीचं असतं, आणि त्याच्याविषयी बोलणारे कमी. २०२३ च्या जूनमध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकाने दाखवून दिलं, की मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या डझनभराहून अधिक ब्रिटिश संस्थांच्या वेबसाइटांवर फेसबुकच्या मालक कंपनीचा पिक्सेल बसवलेला होता. संकटात असलेल्यांसाठीच्या पानांवरची हालचालही त्यातून बाहेर जात होती. ते वाचून मी बराच वेळ खुर्चीवर बसून राहिलो. मी ज्याला माझं अज्ञान समजत होतो ते मोठमोठ्या पगारी तंत्रज्ञांच्या संस्थांमध्येही होतं. त्याने माझी चूक लहान होत नाही.

अमेरिकेत क्रायसिस टेक्स्ट लाइन नावाची संस्था आहे. मनाने खचलेला माणूस फोनवरून संदेश पाठवतो आणि प्रशिक्षित स्वयंसेवक त्याच्याशी बोलतो. या संवादांतली माहिती, नावं काढून, संस्थेने आपणच उभ्या केलेल्या नफ्याच्या कंपनीला दिली होती. ती कंपनी ग्राहकसेवेसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाशी कसं बोलावं, हे शिकून घेऊन तक्रारी करणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, हे विकायचं. जानेवारी २०२२ मध्ये ‘पोलिटिको’ने हे छापलं आणि काही दिवसांतच संस्थेने तो व्यवहार थांबवला. नियम आणि अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, हा संस्थेचा बचाव होता. मध्यरात्री रडत संदेश टाइप करणारा माणूस नियम आणि अटी वाचतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याविषयी काय लिहावं!

कधी कधी संस्था काहीच देत नाही, तरी जातं. त्याच जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या लक्षात आलं, की आपल्या सर्व्हरमध्ये कुणीतरी दोन महिन्यांपूर्वीच शिरलं आहे. ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती तिथे होती : युद्धात, आपत्तीत, स्थलांतरात घरच्यांपासून तुटलेली माणसं, बेपत्ता माणसं, कैदी. निदान साठ देशांतल्या रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांनी ती गोळा केली होती. इथे ‘मग गोळाच करू नका’ असं म्हणता येत नाही. हरवलेल्या मुलाला आई शोधून द्यायची तर मुलाचं नाव, आईचं नाव, गाव लिहूनच घ्यावं लागतं. काम म्हणजेच ती नोंद. हे प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. आमच्या पिक्सेलसारखं ते निष्काळजीपणात मोडणारं नाही. माहितीशिवाय दयाही करता येत नाही, हे त्यात दिसतं.

आणि २०२० मध्ये तर संस्थांचा काहीच दोष नसताना घडलं. अमेरिकेतली ब्लॅकबॉड ही कंपनी जगभरच्या संस्थांना, विद्यापीठांना देणगीदारांच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर पुरवते. तिच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरले आणि तेरा हजारांहून अधिक ग्राहक-संस्थांची माहिती धोक्यात आली. कंपनीने खंडणी दिली. देणगीदारांना या कंपनीचं नावही त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता घरी येऊ. आपल्याकडे दानाचे दोन रिवाज शेजारी-शेजारी नांदत आले आहेत. एक पायरीवर, फरशीवर, पंख्याच्या पात्यावर नाव कोरून घेण्याचा. दुसरा गुप्तदानाचा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : नाव दिसावं की नाही, हे देणारा ठरवतो. जुन्या संस्थांचे अहवाल मी जमवतो. त्यांत पानंच्या पानं देणगीदारांची नावं, गावं आणि रकमा आहेत, आणि मध्येच ‘एक हितचिंतक’ अशी ओळ येते. त्या हितचिंतकाचं नाव छापायचं नाही, हे चिटणिसाला माहीत असे आणि तो ते पाळी.

आयकराने हे नातं बदललं. २००६ साली कायद्यात तरतूद आली, की ज्या देणगीच्या देणाऱ्याचं नाव-पत्ता संस्थेकडे नोंदलेला नाही ती निनावी समजायची आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तिच्यावर तीस टक्के कर घ्यायचा. केवळ धार्मिक कामासाठी असलेल्या संस्थांना यातून सूट मिळाली. म्हणजे देवळाच्या हुंडीत गुप्तदान चालतं, शाळेच्या पेटीत ते महाग पडतं. पुढे २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून, करसवलतीची पावती देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक देणगीदाराचा पॅन, आधार किंवा तसाच ओळखक्रमांक, नाव, पत्ता आणि रक्कम आयकर खात्याकडे ऑनलाइन भरायची पद्धत सुरू झाली. काळा पैसा रोखायचा हेतू समजण्यासारखा आहे आणि माझा त्याला विरोध नाही. पण परिणाम असा झाला, की ज्या संस्थेच्या कार्यालयात एकच संगणक आहे आणि त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे, तिथे शेकडो लोकांचे पॅन क्रमांक एका साध्या तक्त्यात पडून असतात. आमच्याकडे कॅलेंडरवर होता. आता नाही.

इतकं गोळा होत असताना त्याचं रक्षण करण्याची सक्ती मात्र बरीच वर्षं संस्थांवर जवळपास नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ४३अ कलमाखाली २०११ मध्ये नियम झाले, पण ते कंपन्या, भागीदारी आणि व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणाऱ्या मंडळींसाठी. व्याख्येतच धर्मादाय संस्था बहुतेक बाहेर राहिल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांना प्रत्यक्ष बांधणाऱ्या बहुतेक तरतुदींना त्या दिवसापासून अठरा महिन्यांची मुदत आहे.

या कायद्यात नफा आणि परोपकार असा भेद नाही. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा प्रत्येक जण त्यात येतो : कंपनी, मंडळ, ट्रस्ट, आणि कायद्याने व्यक्ती मानलेलं कुणीही. देवाची मूर्ती ही आपल्या न्यायालयांनी कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलेली आहे. ऑनलाइन दर्शनाचा पास देणाऱ्या देवस्थानांत उद्या खुद्द देवच जबाबदार ठरतो की काय, हा प्रश्न मी एका वकील मित्राला विचारला. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

अशा जबाबदार व्यक्तीला कायद्याने इंग्रजीत जो शब्द योजला आहे त्याचा अर्थ विश्वासाने बांधलेला, म्हणजे आपला विश्वस्तच. मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग नवीन काय केलं त्यांनी?” काही नवीन आहे. माहिती घेण्याआधी काय घेतो आणि कशासाठी हे सांगायचं. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायची. मराठी त्यात अर्थातच आहे. होकार मागे घेणं हे होकार देण्याइतकंच सोपं ठेवायचं. काम संपलं की माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती घ्यायची. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या संस्थेला एवढा होणार नाही, पण आकडा वाचून आमच्या खजिनदारांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

कायद्याची एक उणीव मात्र रोजच्या कामात खटकते. तो डिजिटल माहितीपुरताच आहे. आमच्या समुपदेशक ताईंची निळ्या पुठ्ठ्याची वही त्याच्या बाहेर, आणि खरं दुखणं त्या वहीत आहे. शिवाय संमतीची सगळी रचना अशा माणसाला गृहीत धरते, जो शांतपणे वाचून हो किंवा नाही म्हणतो. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो ज्याच्या भीतीने मदत मागायची त्याचाच आहे, तिथे धोका परदेशी कंपनीचा नंतर, घरातल्याचा आधी. ब्रिटनमधल्या स्त्रियांसाठीच्या संस्था आपल्या वेबसाइटवर पटकन बाहेर पडायचं एक बटण देतात. ते दाबलं, की पान बंद होऊन हवामान किंवा तसलं काही निरुपद्रवी उघडतं. फोनमधला मागचा इतिहास मात्र त्याने पुसला जात नाही, म्हणून चांगल्या संस्था तो कसा पुसायचा हेही शेजारीच सांगतात. असं बटण मी आता आमच्या पानावर बसवलं आहे. कायद्याने ते मागितलेलं नाही.

बाकी काय केलं तेही सांगतो, कारण ‘उपाय काय’ असं विचारणारी पत्रं येतात. दोन्ही फुकट साधनं काढून टाकली. पानाच्या पत्त्यातले शब्द काढून क्रमांक टाकले. सर्व्हरची आवक-नोंद तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते. फॉर्ममधून नाव आणि गाव गेलं. त्याऐवजी ‘कोणत्या वेळी फोन करावा’ आणि ‘दुसऱ्या कुणी फोन उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगावं’ हे दोन प्रश्न आले. दुसरा प्रश्न समुपदेशक ताईंनी सुचवला. एकीने तिथे ‘शिवणक्लासवाल्या’ असं लिहिलं होतं. तिला तसाच फोन गेला.

सगळं सुरळीत झालेलं नाही. भेटींचा आकडा बंद झाल्याने सचिव नाराज आहेत, आणि जाहिरातीतून येणाऱ्या देणग्या कमी झाल्या आहेत हे त्यांचं म्हणणं खरं आहे. एका देणगीदार कंपनीने लाभार्थ्यांची नावं, फोटो आणि फोन नंबर मागितले. व्यसनमुक्त झालेल्या माणसाचा फोटो दुसऱ्या कुणाच्या अहवालात छापायचा, याला आम्ही नकार दिला आणि नुसते आकडे पाठवले. त्या निधीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. जुन्या फॉर्मांबद्दल ताईंचा आणि माझा वाद झाला. मी म्हणत होतो तीन वर्षांपूर्वीचे सगळे पुसू. त्या म्हणाल्या, “पाच वर्षांनी परत प्यायला लागलेला माणूस आला, तर मागचं काहीच माहीत नसताना मी त्याच्याशी बोलू का?” त्यांचं बरोबर होतं. जे उपचाराला आले त्यांच्या नोंदी कुलपात ठेवल्या; ज्यांनी फक्त चौकशी केली त्यांच्या पुसल्या.

माहितीची सूचना मुख्याध्यापकांनी मराठीत लिहिली, अकरा ओळींची. इतर वेबसाइटांवरून उचललेलं पाच पानी इंग्रजी धोरण आमच्याकडे आधी होतं, त्यात परदेशातल्या एका न्यायालयाचं नावही तसंच राहून गेलं होतं. या अकरा ओळींत काय घेतो, किती दिवस ठेवतो, कुणाला देत नाही, आणि पुसायचं असल्यास कुणाला फोन करायचा, एवढं आहे. त्यांनी खाली बारावी ओळ पेन्सिलने लिहून ठेवली आहे : मागे सहा वर्षं या पानावरून तुमच्या भेटीची माहिती बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात होती, ती आता परत आणता येत नाही.

ही ओळ छापावी की नाही, यावर दोन बैठका झाल्या. ज्यांना कधी कळणारही नाही त्यांना सांगून काय साधणार, लोक यायचे थांबतील, असं तिघांचं मत पडलं. मी ओळ ठेवावी अशा मताचा आहे, पण चूक माझी असल्याने माझं मत धरू नये असं मीच सांगितलं. विषय डिसेंबरच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौथ्या क्रमांकाला आहे, आणि या वेळी त्याच्यापुढे ‘ठराव’ असं लिहिलेलं आहे.